गंगथडीचा माणूस आणि ब्रह्मगिरीची वाट

आमच्या गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला, डोंगर नाही. तीर्थपुरीच्या शिवारात कुठंही उभं राहा, नजर ऊस, कपाशी आणि मोसंबीच्या बागांवरून सरळ आभाळाला जाऊन टेकते. लहानपणी आम्हाला डोंगर म्हणून दाखवला जायचा तो अंबडचा. माशाच्या आकाराची टेकडी आणि तिच्यावर मत्स्योदरी देवीचं देऊळ. नवरात्रात आईच्या मागं त्या पायऱ्या चढलो की जग खाली राहिल्यासारखं वाटायचं.

घरात मात्र दुसऱ्याच एका डोंगराचं नाव निघायचं. आजी सकाळी अंगावर पहिला तांब्या घेताना ‘ब्रह्मगिरी’ म्हणायची. निजामाच्या राजवटीत ती गावच्या बायकांबरोबर त्र्यंबकला जाऊन आली होती. तिच्या बोलण्यात काशी-रामेश्वर क्वचितच यायचं. पण कुणी कुणाशी भांडला, कुणाचं पीक बुडालं, कुणी हात-पाय गाळून बसला, की ती म्हणायची, “याला एकदा डोंगरावर न्यायला पाहिजे.” डोंगर म्हणजे तिच्या लेखी औषध होतं. सपाट मुलखातल्या माणसांनी दूरच्या एका कड्यावर एवढा विश्वास का ठेवावा, या प्रश्नाच्या मागं मी पुढं बरीच वर्षं राहिलो.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर पाटकरी म्हणून लागलो आणि कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पैठणला या धरणाची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते ते लोकार्पण झालं. डावा कालवा सुमारे २०८ किलोमीटरचा. आज तीर्थपुरीला साखर कारखाना उभा आहे, त्यामागं हे पाणी आहे. पाणीपाळी सुटली की माझं सगळं लक्ष टेलकडं. चारीच्या शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं का, वरच्यानं दारं मोडून घेतलं का, हेच आयुष्यभर पाहिलं. पाणी पोचतं कुठं ते मला ठाऊक होतं. ते निघतं कुठं, त्या ब्रह्मगिरीवर पायानं जायचं निवृत्तीनंतर ठरवलं.

आजीच्या काळी हा प्रवास कसा होता, ते तिच्या आठवणींतून आणि नंतरच्या वाचनातून जुळवत गेलो. त्याआधीच्या पिढ्या नदी धरून पायी जात. शहागड, पैठण, मग कायगाव, नेवासा, पुणतांबे, कोपरगाव, नाशिक. नदी डाव्या-उजव्या हाताला ठेवायची आणि उलट चालत राहायचं, रस्ता विचारायची गरज पडत नसे. १९०० साली मनमाड ते सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि जालन्याहून गाडीत बसून मनमाडला उतरता येऊ लागलं. तिथं गाडी बदलून नाशिक रोड. नाशिक रोडहून शहरात जायला १८८९ पासून घोड्यांची ट्राम होती, ती पुढं बंद पडली. आजीच्या वेळी टांगा होता. निजामाचा मुलूख सोडून इंग्रजांच्या मुलखात शिरायचं म्हणून कनवटीचा हाली सिक्का मोडून कलदार करून घ्यावा लागे. त्या मोडणावळीत किती पैसे गेले ते आजीला शेवटपर्यंत पाठ होतं.

रेल्वेनं यात्रेकरू वाढले आणि डोंगराचं रूपही बदललं. १९०८ साली कराचीचे शेठ लालचंद जशोदानंद भंभाणी आणि शेठ गणेशदास यांनी चाळीस हजार रुपये खर्चून ब्रह्मगिरीवर दगडी पायऱ्या बांधल्या. कराची कुठं, त्र्यंबक कुठं! सिंधू नदीच्या मुखाशी राहणारा व्यापारी गोदावरीच्या उगमाला पायऱ्या बांधतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आज त्या पायऱ्यांवर पाय ठेवणाऱ्या हजारोंना ते नाव माहीत नाही. बांधणाऱ्यानं पुढच्या अनोळखी माणसाच्या गुडघ्यांचा विचार केला, एवढं मात्र प्रत्येक पायरीवर कळतं.

पण या डोंगराशी गंगथडीचं नातं पायऱ्यांहून सहाशे वर्षं जुनं आहे.

पैठणपासून जवळच आपेगाव आहे. तिथले विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा संसारात आले आणि समाजानं त्यांना वाळीत टाकलं. पोरांच्या मुंजी होईनात. परंपरा सांगते की तेव्हा ते बायको-मुलांना घेऊन त्र्यंबकला गेले आणि ब्रह्मगिरीची फेरी सुरू केली. एका रात्री वाटेत वाघ आला. पळापळ झाली, सगळे एकत्र सापडले, थोरला निवृत्ती मात्र चुकला. तो शिरला एका गुहेत आणि तिथं गहिनीनाथ बसले होते. नाथपंथाचं जे धन मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ यांच्याकडून चालत आलं होतं, ते त्या गुहेत एका घाबरलेल्या पोराच्या हाती पडलं. त्यानं ते धाकट्या भावाला दिलं. त्या धाकट्या भावानं १२९० साली नेवाशाला गीतेवरची टीका सांगितली. वारकरी संप्रदायाच्या मुळाशी असं एक वाट चुकलेलं पोर आहे.

कीर्तनकार इथं थांबतात. वाघ, गुहा, गुरू एवढ्यावर प्रसंग रंगतो. मला त्याच्या पुढचा भाग जास्त हलवतो. १२९६ च्या कार्तिकात ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत सासवडला सोपानदेव गेले. पुढच्या वर्षी तापीकाठी मुक्ताई गेली. सगळ्यांत मोठा असलेला निवृत्ती मागं उरला. लहानपणी आईबाप गमावल्यावर ज्यांना त्यानं बोट धरून वाढवलं, ती तिघंही त्याच्या डोळ्यांदेखत गेली. तेव्हा तो कुठं गेला? त्र्यंबकला. ज्या डोंगराभोवती ही सगळी माणसं एकदा एकत्र चालली होती, त्याच्याच पायथ्याशी शके १२१९ च्या ज्येष्ठ वद्य द्वादशीला त्यानं देह ठेवला. पौष वद्य एकादशीला तिथं यात्रा भरते. थंडीत घोंगड्या पांघरलेल्या दिंड्या नाशिक जिल्ह्याच्या कोपऱ्याकोपऱ्यातून येतात. मी त्या समाधीसमोर उभा राहिलो तेव्हा मला ज्ञानदेवांचे गुरू आठवले नाहीत. थोरला भाऊ आठवला. आमच्या घरात ती जागा माझी आहे आणि धाकटा भाऊ आदल्याच वर्षी गेला होता.

दुसरा माणूस तर आमच्याच तालुक्यातला. जांब समर्थ घनसावंगी तालुक्यात येतं. १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला, तोच पुढचा समर्थ रामदास. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून तो निघाला आणि गोदेच्या काठानं नाशिकला पोचला. टाकळीला बारा वर्षं तप, मग बारा वर्षं भारतभर भ्रमंती. पुढचं सगळं आयुष्य त्यानं सह्याद्रीच्या घळींत आणि गडांवर काढलं. शिवथरच्या घळीत दासबोध सांगितला, १६७६ नंतर सज्जनगडावर राहिला आणि १६८२ च्या माघात तिथंच देह ठेवला. जांबच्या शिवारात उभं राहून मी कितीदा तरी विचार केला आहे : या काळ्या सपाट रानात जन्मलेल्या पोराला कड्याकपारींची एवढी ओढ कुठून लागली? माझं उत्तर साधं आहे. नदीकाठचा माणूस नदीच्या उलट चालू लागला की शेवटी डोंगरालाच लागतो.

डोंगरावर सगळेच काही शिकायला आले नाहीत. ब्रह्मगिरीवरचा त्र्यंबकगड हा कायम मोक्याचा किल्ला. १६२९ साली शहाजीराजांनी तो घेतला, १६३६ मध्ये मोगलांना द्यावा लागला. १६७० साली मोरोपंत पिंगळ्यांनी जिंकून स्वराज्यात आणला, मग पुन्हा मोगल, मग पेशवे, आणि एप्रिल १८१८ मध्ये कर्नल मॅकडॉवेलच्या तोफांपुढं गड इंग्रजांच्या हाती गेला. इंग्रजांनी त्याचं मोजमाप लिहून ठेवलं : पायथ्याचा घेर दहा मैल, माथ्याचा चार मैल, आणि दरवाजे सोडले तर वर जायला कुठूनही वाट नाही. खाली गावात नानासाहेब पेशव्यांनी सुरू केलेलं त्र्यंबकेश्वराचं काळ्या पाषाणाचं देऊळ १७५५ ते १७८६ अशी एकतीस वर्षं बांधलं जात होतं. गड आणि देऊळ दोन्ही एकाच दगडाचे. गडाच्या भोवती पहाऱ्याच्या मेटी होत्या, त्या मेटींवरची माणसं पिढ्यान् पिढ्या डोंगर राखत. किल्ला संपला तरी मेटी राहिल्या. मेटघर, सुपलीची मेट, गंगाद्वाराची मेट ही गावं आणि वस्त्या आजही आहेत.

मी श्रावणात गेलो. सोबत बायको आणि तिचा मावसभाऊ. आम्ही त्याला बापू म्हणतो. त्र्यंबकला वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडं सातशेच्या आतबाहेर. त्यामुळं पायथ्यापासूनच आम्ही परक्या मुलखात होतो. ढग हाताला लागत होते. झाडीतून जाणाऱ्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं आणि माकडांसाठी हातात काठी घ्यावी लागत होती. सुरुवातीला बापू पुढं पळाला. अर्ध्या तासात तो एका कठड्यावर बसून आमचीच वाट बघत होता. बायकोनं सुरुवातीपासून एकच चाल धरली होती आणि ती माथ्यापर्यंत मोडली नाही. शेतात खुरपत पुढं सरकताना बायकांची जी चाल असते, तीच. त्या दिवशी आम्ही तिघंही तिच्या चालीनं चढलो.

झाडी संपली की कडा सुरू होतो. इथं वाट खडकात कोरलेली आहे. दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याच्या वर जाणाऱ्या ओल्या भिंती आणि मध्ये अरुंद जिना. काही पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच. शतकांच्या पावलांनी प्रत्येक पायरीच्या मधोमध खळगा पडला आहे, त्यात पाणी साचलेलं. खळग्यात पाय ठेवला तर घसरतो, कडेच्या खरखरीत दगडावर ठेवला तर धरतो. वर दरवाजा, कातळात कोरलेला मारुती, शेंदराचे थर. किल्ला बांधणाऱ्यांनी ही वाट अशी राखली की शत्रूला एकेकट्यानंच वर यावं लागेल. त्याच अरुंद वाटेवर आज उतरणारा भिंतीला अंग चिकटवून उभा राहतो आणि चढणाऱ्याला म्हणतो, “या माउली, सावकाश.” एक म्हातारे गृहस्थ उतरत होते, बहुधा कोकणातले. माझा श्वास लागलेला पाहून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, काही न बोलता थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि खाली गेले. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी माणसांना रांगेत उभं करून पाणी वाटलं. माझ्या आधी याला का, हे वाक्य रोज ऐकलं. इथं कुणीच ते म्हणत नव्हतं. वाट अरुंद झाली म्हणून माणूस उदार झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

कड्यावर आलो तर पठार. वारा असा की टोपी हातात धरावी लागली. तिथं मेटघरची एक बाई ताक आणि काकडी घेऊन प्लास्टिकच्या कागदाखाली बसली होती. आम्ही टेकलो. मी खात्याचा माणूस, पहिला प्रश्न पाण्याचाच निघाला.

“मावशी, तुमच्याकडं पाण्याची चंगळ असेल.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. “आता हाय, बाबा. आता पाय ठेवायला कोरडी जागा नाय. चैतात या. एका हंड्यासाठी इहिरीत उतराया लागतंय.”

ती खरं सांगत होती. मेटघरच्या बायका उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या कपारीला पाय लावून तळाशी उतरतात. त्याची दृश्यं २०२२ च्या उन्हाळ्यात साऱ्या महाराष्ट्रानं पाहिली. जी नदी १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते, जिच्या पाण्यावर माझ्या गावचा ऊस उभा आहे, तिच्या उगमाशी राहणारी बाई घोटभर पाण्याला महाग. पाऊस कातळावरून वाहून जातो, धरून ठेवायला काही नाही. पाऊस कमी झाला की दिवाळीच्या सुमाराला नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचं, यावर भांडण पेटतं. मी त्या भांडणात मराठवाड्याच्या बाजूनं नेहमी पोटतिडकीनं बोललो, पुढंही बोलेन, कारण टेलच्या माणसाचा हक्क खरा आहे. पण त्या पठारावर बसल्यावर कळलं की या नदीला आणखी एक टेल आहे आणि ती अगदी डोक्यावर आहे.

पुढं मूळगंगेचं देऊळ. तिथं काय असेल याचं चित्र मनात घेऊन लोक येतात. समोर दिसतं ते एक छोटं कुंड आणि बोटाएवढी धार. परंपरा म्हणते, गौतम ऋषींच्या हातून गोहत्या झाली. तो दोष धुण्यासाठी त्यांनी शंकराकडून गंगा मागून आणली. ती इथं प्रकटली आणि लुप्त झाली. मग डोंगराच्या कुशीत गंगाद्वाराला दिसली, पुन्हा लुप्त झाली. शेवटी गावात गौतमांनी कुश गवतानं तिला अडवलं, ते कुशावर्त. या कथेतला अडवण्याचा भाग मला जवळचा आहे. आमच्याकडं रात्री दारं धरणारा शेतकरी एक सरी भरली की मूठभर गवत आणि चिखल लावून पाणी दुसऱ्या सरीत वळवतो. ऋषीनं तेच केलं. ज्यानं ही कथा रचली त्यानं रात्री शेतात पाणी दिलेलं असणार, याबद्दल मला शंका नाही.

गोदावरीच्या उगमापासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर आहे. इथलंच पावसाचं पाणी कड्याच्या पश्चिमेला पडलं तर वैतरणेतून समुद्राकडं जातं. पूर्वेला पडलं तर साऱ्या दख्खनची शेती भिजवत अर्धा देश ओलांडतं. बायको त्या धारेखाली ओंजळ धरून बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “आत्याबाई हितंच आल्या व्हत्या ना?” आजीला ती आत्याबाई म्हणायची. तिला आठवलं आणि मला नाही, याचं मला त्या क्षणी खूप वाटलं.

खाली उतरल्यावर फेरी करायची होती. श्रावणाच्या तिसऱ्या सोमवारी लाखो लोक ही फेरी करतात, बरेचसे रात्रभर, अनवाणी, कुशावर्तात स्नान करून. लहान फेरी वीसेक किलोमीटरची, मोठी साधारण तिच्या दुप्पट. प्रयागतीर्थ, पहिने, सापगाव असं चिखलातून, ओढ्यांतून, भाताच्या खाचरांच्या कडेनं चालायचं. फेरीत माथा गाठायचाच नसतो. डोंगर सतत उजव्या हाताला आणि आपण त्याच्याभोवती. दर तासाला त्याचं रूप बदलतं. कुठं भिंत, कुठं सुळका, कुठं नुसता ढग. एकाच डोंगराची किती तोंडं असतात हे चढताना समजत नाही, कारण चढताना आपण एकाच बाजूला चिकटलेले असतो. भाऊ गेल्यापासून माझ्या मनात त्याच्याशी एक जुना वाद घोळत होता, बांधावरचा. त्या रात्री चालता चालता तो वाद मला त्याच्या बाजूनं पहिल्यांदा दिसला. आजी भांडकुदळ माणसाला डोंगरावर न्यायला सांगायची, ते याचसाठी असणार.

फेरीत ना पुजारी लागतो, ना दक्षिणा, ना जात विचारली जाते. मला तर वाटतं, म्हणूनच वाळीत टाकलेल्या विठ्ठलपंतांना तो मार्ग मोकळा होता. देवळाचं दार बंद होऊ शकतं, डोंगराची वाट कोण बंद करणार? किल्ल्यानं इतके धनी पाहिले, पण फेरी त्या सगळ्यांच्या राज्यात चालत राहिली.

आता मात्र डोंगरालाच हात लागतो आहे. २०२१ साली ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी उत्खनन सुरू झालं, तेव्हा नाशिक-त्र्यंबकच्या माणसांनी आंदोलन केलं आणि प्रशासनाला दखल घ्यावी लागली. अंजनेरी ते ब्रह्मगिरी रोपवेचा प्रस्ताव आहे. त्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत, म्हणून त्याला विरोधही आहे. माझं मत स्पष्ट आहे : ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी कुशावर्त आहे, निवृत्तिनाथांची समाधी आहे, आणि फेरीच्या वाटेवरून डोंगर डोळे भरून दिसतो. माथ्यावर दोऱ्या लावून माणसं ओतायची गरज नाही.

२०२७ मध्ये त्र्यंबकला सिंहस्थ आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण जातील. माझं गंगथडीच्या सगळ्या पाणी वापर संस्थांना आणि ग्रामपंचायतींना सांगणं आहे : त्याआधी एक ठराव करा. ऊसबिलातून घरटी थोडी वर्गणी काढा आणि मेटघरला पावसाचं पाणी साठवायची टाकी बांधून द्या. कराचीच्या शेठनं पायऱ्या बांधल्या, आपण तर त्याच नदीचे आहोत. आणि डोंगरावर जाल तेव्हा त्या मावशीकडून ताक घ्या, पैसे मोजून द्या, आणि रिकामी बाटली पिशवीत घालून तीर्थपुरीपर्यंत परत आणा.